ओढ्याकाठची कविता आणि तिचे वाचक

१

सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी इंग्रजी साहित्य शिकविण्यात ज्यांची सारी हयात गेली, अशा एका प्राध्यापकांच्या संग्रही एक जाडजूड फाईल आहे. एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या वर्षी लिहिलेले कागद तिच्यात आहेत. एकाही कागदावर नाव नाही. सगळे कागद एकाच कवितेविषयीचे आहेत. ती कविता म्हणजे विल्यम वर्ड्‌स्वर्थची ‘लाइन्स रिटन इन अर्ली स्प्रिंग’. सहा कडव्यांची ही चोवीस ओळींची रचना १७९८ साली ‘लिरिकल बॅलड्स’मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. निवृत्तीनंतर फाईल चाळताना विद्यार्थ्यांच्या मजकुराइतकेच समासातील स्वतःचे लाल शेरेही या प्राध्यापकांना विचार करावयास लावणारे वाटले. ‘अप्रस्तुत’, ‘विषयांतर’, ‘कवितेत हे कोठे आहे?’ हे त्यांचे ठरलेले शेरे. बहुतेक ठिकाणी ते योग्यच होते. परंतु दोन कागदांवरील शेरे साफ चुकले, असे त्यांचे आता मत झाले आहे. निसर्गकवितेला मिळणाऱ्या प्रतिसादाची प्रस्तुतता कशाच्या आधारे ठरवावी, हा प्रश्न त्या दोन चुकांतून उभा राहतो.

या लेखनाची कल्पना अर्थातच त्यांची स्वतःची नव्हती. आय. ए. रिचर्ड्‌सने केंब्रिजमधील विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे व काळ न सांगता कविता ठेवल्या आणि तेरा कवितांवरील लेखी प्रतिसादांची चिकित्सा १९२९ सालच्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये केली, हे सर्वविदित आहे. त्या तेरांतील दुसरी कविता, ख्रिस्तिना रोझेटीची ‘स्प्रिंग क्वाएट’, ही देखील वसंताचीच होती. काव्याच्या आकलनात येणाऱ्या अडथळ्यांची जी यादी रिचर्ड्‌सने दिली, तीत वाचकाच्या खाजगी स्मृतींची लुडबूड, साचेबंद प्रतिसाद आणि मतप्रणालीचा आग्रह हे दोष ठळकपणे येतात. या यादीचा प्राध्यापकांवर मोठा प्रभाव होता. त्यांनी उपक्रमाचे दोन टप्पे पाडले होते. पहिल्या टप्प्यात केवळ कविता देत आणि मराठीत किंवा इंग्रजीत, नाव न घालता, लिहावयास सांगत. दुसऱ्या टप्प्यात कविता कोणाची, कोठे व कशी सुचली, याची माहिती देऊन पुन्हा लिहावयास सांगत. नाव नसले की मुले मोकळेपणाने लिहितात, हा त्यांचा अनुभव होता. शिवाय ‘लिरिकल बॅलड्स’ची पहिली आवृत्तीही निनावीच होती, तेव्हा तिचे आरंभीचे वाचक आणि हे विद्यार्थी एका परीने समान पातळीवर होते, असे ते म्हणत.

कवितेचा आशय थोडक्यात सांगता येतो. वसंताच्या आरंभी वृक्षराजीत विसावलेला एक माणूस सभोवतालचे सूर ऐकतो आहे. मन प्रसन्न आहे आणि त्या प्रसन्नतेतूनच विषण्ण विचार उगवतात. निसर्गाशी त्याच्यातील मनुष्यत्वाचे नाते जुळते, आणि लगेच माणसाने माणसाची काय दशा करून टाकली, या आठवणीने तो व्यथित होतो. मग फुले, पाखरे आणि नव्या पालवीच्या डहाळ्या येतात. या सर्वांना जगण्याचा आनंद होत असला पाहिजे, असे तो मानतो. अखेरीस, हे सारे खरे असेल तर आपल्या शोकाला कारण नाही काय, असे विचारून तो थांबतो.

वर्गात या कवितेची ओळख ‘निसर्गातील आनंदाची कविता’ अशी करून दिली जाते. ती अपुरी आहे. कवितेतील आनंदाची विधाने निरपवाद नाहीत. फुलाला सुख होते, ही बोलणाऱ्याची श्रद्धा आहे. पाखरांच्या मनात काय चालले आहे, ते आपल्याला मोजता येत नाही, अशी कबुली तो देतो. त्यांची हालचाल त्याला आनंदाची ‘वाटते’. डहाळ्यांच्या बाबतीत तर, कितीही प्रयत्न केला तरी आपल्याला असेच मानावे लागते, असा सूर आहे. शेवटचे कडवे ‘जर’वर उभे आहे. या उलट माणसाच्या दुर्दशेविषयीचा खेद दोनदा येतो आणि त्याला एकही ‘जर’ जोडलेला नाही. मात्र त्या दुर्दशेचे एकही उदाहरण कविता देत नाही. वोल्फगांग ईझरने साहित्यकृतीतील ज्या रिकाम्या जागांचा विचार केला, तशी ही जागा आहे, आणि ती कवितेच्या केंद्रस्थानीच आहे.

२

पहिल्या टप्प्यातील बरेचसे प्रतिसाद अपेक्षित वळणाचे आहेत. त्यांपैकी काही चुका उद्‌बोधक आहेत. कवितेत ‘प्रिमरोझ’ व ‘पेरिविंकल’ या दोन फुलझाडांचा उल्लेख येतो. ‘प्रिमरोझ’ सोलापूरकडच्या विद्यार्थ्याने पाहिलेले नसते, म्हणून तो शब्द तो सोडून देतो. ‘पेरिविंकल’साठी मात्र त्याच्या हाती ‘सदाफुली’ हा अर्थ लागतो, आणि सदाफुली तर दाराशी असते. एका विद्यार्थिनीने या आधारावर दीड पान लिहिले होते. सदाफुलीला बारा महिने फुले येतात. तेव्हा ऋतू बदलले तरी निसर्गाचा आनंद बदलत नाही, हे सुचविण्यासाठी कवीने तिची योजना केली, असे तिचे प्रतिपादन होते. युक्तिवाद सुसंगत होता. आधार चुकीचा होता. इंग्लंडातील ‘पेरिविंकल’ ही जमिनीलगत पसरणारी वेल असून आपली ताठ उभी राहणारी सदाफुली निराळ्या प्रजातीची आहे. कवितेतील ते झाड इतर झाडांतून वेलीसारखे पसरते, एवढ्या तपशिलाकडे तिने लक्ष दिले असते, तर शब्दकोशाविषयी शंका घेण्यास जागा होती. येथील लाल शेरा योग्य होता, असे प्राध्यापक आजही मानतात. प्रतिसाद कितीही मनापासूनचा असला, तरी संहितेतील तपशील त्याला दुरुस्त करू शकतो.

दुसरा गट संस्कृत काव्यपरंपरेच्या संस्कारातून आलेला आहे. ‘ऋतुसंहारा’त ग्रीष्मापासून आरंभ करून अखेरीस वसंत येतो, ‘कुमारसंभवा’त तो मदनाचा सहचर आहे. रसचर्चेत वसंत, उद्यान, चंद्रिका हे शृंगाराचे उद्दीपन विभाव मानले गेले. या परंपरेत वाढलेल्या वाचकाला वसंतातील खिन्नतेचे कारण शोधावे लागत नाही. ते विरहच असणार. अनेक कागदांवर कवितेतील माणसाची प्रिया दुरावली आहे. हान्स रोबर्ट याऊसच्या ‘अपेक्षाक्षितिज’ या संकल्पनेचे उदाहरण म्हणून ही वाचने उपयोगी पडतात. तथापि येथेही कवितेचे शब्द आड येतात. येथे खेद आहे तो एका व्यक्तीच्या वियोगाचा नाही. माणसाने माणसाशी केलेल्या वर्तनाचा आहे.

तुकोबांचा वृक्षवेलींशी सोयरीक सांगणारा अभंग तर जवळजवळ दर वर्षी कोणाच्या तरी कागदावर अवतरतो. तुलना स्वाभाविक आहे, पण भेदही मोठा आहे. तुकोबांचा एकांत हा पत्करलेला आणि सुखद आहे. तेथे संवाद आहे तो स्वतःच्या मनाशी. वर्ड्‌स्वर्थच्या एकांतात मागे टाकलेला समाज चालत येतो. जगदीशचंद्र बोस यांचा हवालाही असाच नेहमीचा. वनस्पतींना संवेदना असते, हे बोसांनी दाखविले. तेव्हा कवीची श्रद्धा विज्ञानाने खरी ठरली, असे विद्यार्थी लिहितात. प्राध्यापक यावर ‘कालविपर्यास’ असा शेरा मारीत. तो अगदीच अनाठायी नसला, तरी अर्धवट होता. वनस्पतींच्या सुखदुःखाची चर्चा वर्ड्‌स्वर्थच्या काळीही चालू होती. इरॅझ्मस डार्विनच्या ‘झूनोमिया’त तिचा विचार आहे आणि तो ग्रंथ वर्ड्‌स्वर्थने १७९८च्या आरंभी मागवून घेतला होता. विद्यार्थ्यांनी विज्ञान चुकीच्या शतकातून आणले, पण कवितेत विज्ञानाचा संबंध आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

३

ज्या दोन कागदांमुळे हा सारा विचार सुरू झाला, त्यांतील पहिला पहिल्याच टप्प्यातील आहे. लिहिणाऱ्याने फुलांविषयी काही लिहिलेले नाही. पाखरांच्या कडव्यापाशी तो थांबतो आणि सांगतो की, पाखरे आनंदाने बागडतात हे त्याला मान्य आहे. कारण ज्या वेळी ती सर्वांत आनंदात असतात, ती वेळ त्याला नेमकी ठाऊक आहे. शाळूच्या कणसात दाणा भरू लागला की, पहाटेपासून मचाणावर उभे राहून गोफण फिरवीत पाखरे राखावी लागत. त्या दिवसांत त्याची शाळा बुडे. पाखरांचा आनंद किती, हे पाखरांनी रिकाम्या केलेल्या कणसांवरून मोजता येते, असे त्याने लिहिले होते. पुढे त्याने असेही म्हटले होते की, ज्याला पाखरे राखावी लागत नाहीत, त्यालाच त्यांच्याकडे असे बघत बसता येते. समासात शेरा आहे: ‘खाजगी आठवण. अप्रस्तुत.’

या शेऱ्याची बोच प्राध्यापकांना अधिक लागली, त्याला कारण आहे. त्यांचे स्वतःचे बालपण शाळूच्याच रानात गेले. गोफणीचा पीळ हाताला कसा लागतो, हे त्यांनाही माहीत होते. परंतु इंग्रजी कवितेच्या वर्गात शिरताना हे ज्ञान बाहेर ठेवावयाचे असते, हे ते स्वतः विद्यार्थी असताना शिकले होते. ती शिस्त त्यांनी निष्ठेने पुढे शिकविली. रिचर्ड्‌सच्या परिभाषेने तिला तात्त्विक अधिष्ठान दिले.

आता वाचताना त्यांच्या लक्षात आले की, हा विद्यार्थी कवितेच्या बाहेर गेलेलाच नव्हता. पाखरांच्या मनातले मोजता येत नाही, असे कवितेतील माणूस म्हणतो आणि तरीही त्यांच्या हालचालीवरून आनंदाचे अनुमान करतो. विद्यार्थ्याने नेमके हेच अनुमान हाती घेतले आणि निरीक्षकाच्या स्थानाचा प्रश्न उपस्थित केला. पाहणारा कोठे बसला आहे, यावर पाखरांचा आनंद त्याला काय म्हणून दिसेल, हे अवलंबून आहे. त्याने पाखरांचा आनंद नाकारला नाही; त्याची किंमत कोण मोजतो, एवढे सांगितले.

ऑल्डस हक्सलीचा ‘वर्ड्‌स्वर्थ इन द ट्रॉपिक्स’ हा १९२९ सालचा निबंध या संदर्भात तपासण्यासारखा आहे. निसर्गपूजा ही माणसाने काबूत आणलेल्या समशीतोष्ण भूमीतच शक्य आहे आणि उष्ण कटिबंधातील अरण्य पाहिले असते, तर वर्ड्‌स्वर्थची श्रद्धा टिकली नसती, असा त्याचा रोख आहे. हा निबंध प्राध्यापक दर वर्षी वाचून दाखवीत. आपल्या विद्यार्थ्यांची बाजू त्यात मांडली गेली आहे, असे त्यांना वाटे. वस्तुतः तेथे दोनच पर्याय आहेत: पूज्य निसर्ग आणि भयप्रद निसर्ग. शाळू राखणाऱ्या मुलाचा निसर्ग या दोहोंत बसत नाही. त्याला तो पूज्यही नाही आणि परकाही नाही. तो त्याच्या कामाचा भाग आहे.

४

दुसरा कागद दुसऱ्या टप्प्यातील आहे. वर्ड्‌स्वर्थने १८४३ साली इझाबेला फेन्विक यांना आपल्या कवितांविषयी टिपणे सांगितली. या कवितेच्या टिपणात तो म्हणतो की, सॉमरसेट परगण्यातील अल्फॉक्स्डन येथे ओढ्याकाठी बसलेला असतानाच ती रचली गेली. उतरत्या खडकावरून पडणारे पाणी, खालच्या डोहावर आडवे पडलेले ॲशचे झाड, प्रकाशाच्या शोधात त्यातून सरळ वर गेलेल्या फांद्या, उन्हाअभावी जवळजवळ पांढरी झालेली पाने यांचे वर्णन त्यात आहे. प्राध्यापक हे वर्णन वर्गात सांगत आणि नंतर पुन्हा लिहावयास लावीत.

या टप्प्यावर एकाने, किंवा एकीने, लिहिले होते की, कवितेतील माणूस ओढ्याकाठी बसला होता, हे कळल्यावर कविता बदलली. वसंत लागला की गावचा ओढा आटे आणि बाया वाळूत झिरे उकरीत. आजीच्या तरुणपणी त्यांच्या लोकांचा झिरा वेगळा होता आणि तो खालच्या अंगालाच असावा लागे. वरच्या अंगाला पाण्याजवळ नुसते थांबलेलेही चालत नसे. तेव्हा माणसाने माणसाचे काय केले, ते समजून घेण्यासाठी या कवितेत दुसरीकडे कोठे जाण्याची गरज नाही. कोणाला ओढ्याकाठी बसू दिले, एवढेच विचारावे, असा त्या लेखनाचा शेवट होता. शेरा होता: ‘भावना समजते. पण कवितेत हे कोठे आहे?’

या शेऱ्याचे उत्तर त्याच टिपणात होते. प्राध्यापक त्याचा पूर्वार्ध तेवढा सांगत. उत्तरार्ध किरकोळ म्हणून गाळीत. चाळीसहून अधिक वर्षांनी मित्रांसमवेत त्या जागी पुन्हा गेल्यावर ते आडवे झाड तेथे राहिले नव्हते, असे सांगून वर्ड्‌स्वर्थ जागेच्या मालकाचा उल्लेख करतो. अशी दृश्ये आवडणाऱ्यांना तेथवर जाता यावे म्हणून एखादी लहानशी पायवाट मालकाने करावयास हवी होती, अशी खंत तो बोलून दाखवितो. म्हणजे त्या ओढ्याला मालक होता, तेथे जाण्याचा प्रश्न होता आणि कवीला तो जाणवला होता.

इतिहास याहूनही पुढे जातो. वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी १७९७च्या जुलैत अल्फॉक्स्डनला भाड्याने राहावयास आली. फ्रान्सशी युद्ध चालू होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वेल्सच्या किनाऱ्यावर फ्रेंच तुकडी उतरून गेली होती. वह्या घेऊन वेळीअवेळी भटकणारी ही मंडळी गावकऱ्यांना संशयास्पद वाटली. त्यातच जॉन थेलवॉल हा राजद्रोहाच्या खटल्यातून सुटलेला राजकीय वक्ता त्यांच्याकडे पाहुणा आला. ऑगस्टमध्ये गृहखात्याने जेम्स वॉल्श नावाचा हेर पाठविला. ओढ्यातून समुद्रापर्यंत नाव जाते काय, अशी चौकशी ही मंडळी करीत होती, अशी माहिती त्या पत्रव्यवहारात आहे. कोलरिजच्या मनात त्या काळी ओढ्यावरच एक दीर्घ काव्य लिहावयाचे होते. १८१७ सालच्या ‘बायोग्राफिया लिटरारिया’त कोलरिजने हा प्रसंग विनोदाने सांगितला आहे. घराचा भाडेकरार पुढे चालू राहिला नाही आणि १७९८च्या जूनअखेरीस वर्ड्‌स्वर्थ मंडळींनी ते घर सोडले. ही कविता त्या दरम्यानच्या वसंतातील आहे. ओढ्याकाठी निवांत बसणे ही गोष्ट त्या माणसालाही बिनबोभाट लाभलेली नव्हती.

अर्थात दोन्ही अनुभवांना एका मापाने मोजता येणार नाही. वर्ड्‌स्वर्थला हेराने पाहिले, पण पाण्याला शिवू नको, असे कोणी म्हटले नाही. महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंचा समुदाय पाण्याशी गेला, तो २० मार्च १९२७ रोजी. तोही वसंताचाच आरंभ होता. पण हा योगायोग पुढे करून दोन घटनांची बरोबरी करणे हा दोन्हींवर अन्याय होईल. त्या अनामिक विद्यार्थ्यानेही अशी बरोबरी केली नव्हती. कवितेने जी जागा रिकामी ठेवली, तेथे त्याने आपल्या माहितीतील वस्तुस्थिती ठेवली आणि ती तेथे बसते की नाही, एवढे पाहिले.

५

असे असेल तर प्रत्येक प्रतिसाद प्रस्तुतच मानावा काय? फाईल वाचल्यावर प्राध्यापकांचे उत्तर नकारार्थी आहे. सदाफुलीचा आणि विरहाचा प्रतिसाद कवितेतील शब्दांनीच बाद होतो. पाखरांचा आणि झिऱ्याचा प्रतिसाद त्या शब्दांनी बाद होत नाही. उलट कवितेतील शंकेचे शब्द त्यामुळे अधिक स्पष्टपणे ऐकू येऊ लागतात. आठवण खाजगी आहे म्हणून ती अप्रस्तुत ठरत नाही. ती वाचकाला कवितेच्या शब्दांकडे परत आणते की तेथून दूर नेते, यावर तिचे मूल्य ठरावयास हवे. अर्थनिर्णयन हे वाचकसमूहाच्या संकेतांवर अवलंबून असते, ही स्टॅन्ली फिशची भूमिका येथे अर्धीच उपयोगी पडते. या वर्गात दोन समूह होते खरे. पण रानातल्या समूहाचे वाचन अधिक ग्राह्य ठरले, ते संहितेतील ‘जर’ त्याने ऐकला म्हणून.

जॉन स्टुअर्ट मिलचा अनुभवही याला पुष्टी देतो. १८२८च्या शरदात, मनाच्या कोरड्या अवस्थेत, त्याने वर्ड्‌स्वर्थ वाचला आणि त्या कविता आपल्याला औषधासारख्या लागू पडल्या, असे आत्मचरित्रात नमूद केले. नुसत्या निसर्गवर्णनाने हे झाले नसते, असेही तो सांगतो. त्या शांततेत माणसांच्या समान सुखदुःखांकडे पाठ फिरविलेली नव्हती, हे त्याला महत्त्वाचे वाटले. मिलचे वाचनही आत्मचरित्रात्मक होते. त्याला कोणी ‘अप्रस्तुत’ म्हटले नाही.

स्वच्छंदतावादी कविता इतिहासाला निसर्गाआड दडविते, अशी जेरोम मॅगनच्या ‘द रोमँटिक आयडिऑलॉजी’ (१९८३) नंतरच्या समीक्षेची तक्रार. तर निसर्गाला इतिहासाचे रूपक मानून वाचणे हीच चूक होय, असा जोनाथन बेटच्या ‘रोमँटिक इकॉलॉजी’चा (१९९१) प्रतिपक्ष. हा वाद त्या दोन कागदांना ठाऊक नव्हता. पाखरे, कणसे, वाळू आणि पाणी ही त्यांच्यासाठी निसर्गही होती आणि माणसाने माणसाला दिलेली वागणूकही. कविताही पहिल्या कडव्यापासून या दोन गोष्टी वेगळ्या करीत नाही.

वर्ड्‌स्वर्थनेही आपली कविता पुन्हा वाचून बदलली. पहिल्या आवृत्तीत शेवटच्या कडव्यातील ‘जर’ बोलणाऱ्याच्या स्वतःच्या विचारांशी आणि श्रद्धेशी निगडित होते. पुढील आवृत्त्यांत त्यांच्या जागी स्वर्गातून आलेला विश्वास आणि निसर्गाची पवित्र योजना आली. आधार भारदस्त झाला. ‘जर’ मात्र कवीने काढला नाही.

प्राध्यापकांनी त्या दोन कागदांवरील शेरे खोडून बाजूला नवे टिपण लिहिले आहे. झिऱ्याच्या कागदावर त्यांनी फेन्विक टिपणाचा उत्तरार्ध, मालक आणि पायवाट यांसह, उतरवून ठेवला. तो ज्याला किंवा जिला दाखवावयाचा, ती व्यक्ती कोण, हे त्यांना माहीत नाही. मोकळेपणाने लिहिता यावे म्हणून नावे घालू नयेत, अशी सूचना त्यांनीच दिली होती.